आयरिश खेड्यांतील जुन्या गुन्हेनोंदी कशा वाचाव्यात

वडोदऱ्यात दांडिया बाजारातील आमच्या अभ्यासमंडळात हा विषय निघाला, तेव्हा बहुतेकांनी गुन्ह्यांची यादी करायला घेतली. माझ्या मते आधी तारीख पाहावी, कारण नोंद लिहिणारा शिपाई कोणाच्या हाताखाली होता हे तिच्यावरूनच कळते. 1814 मध्ये आयर्लंडचे तेव्हाचे मुख्य सचिव रॉबर्ट पील यांनी उभारलेले शांतता-रक्षक दल अशांत घोषित झालेल्या भागातच जाई. 1822 च्या कायद्याने काउंटीनिहाय (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग) पोलीस आले आणि 1836 मध्ये ते डब्लिनमधील एका महानिरीक्षकाच्या अधिकाराखाली गेले.

मग गुन्ह्याचे स्वरूप तपासावे. गुरांच्या मागच्या पायांची शीर कापणे, गंजी पेटवणे, 1821 ते 1824 च्या काळात ‘कॅप्टन रॉक’ या टोपणनावाने दारावर धमकीची चिठ्ठी डकवणे, हे प्रकार बहुधा खंड, जमिनीवरून हुसकावणे किंवा चर्चचा दशांश कर यांच्याशी जोडलेले असतात. चिठ्ठीवर शवपेटीचे चित्र असले तरी तेथे न अडकता मजकूर वाचावा: अमुकाची जमीन घेऊ नये, खंड इतकाच मागावा, असा चक्क हुकूम त्यात असतो, आणि तो सरकारी जाहीरनाम्याच्या थाटात!

‘साक्षीदार मिळाला नाही’ या शेऱ्यावरून गावाने काहीच पाहिले नाही, असे समजू नये. साक्ष देणाऱ्याच्या जिवाला धोका असे. आपल्याकडे गुजरातेत पावलांचा माग काढणारा पगी गावातलाच असे, तिकडचा शिपाई मात्र पुढे नियमानेच स्वतःच्या काउंटीबाहेर नेमला जाई.