टर्मिनलमध्ये मेल आणि न्यूजग्रुप वाचण्यासाठी प्रोग्राम कसा निवडावा

रोज येणाऱ्या मजकुरापैकी किती मजकूर न वाचताच बाजूला सारायचा आहे, हे आधी ठरवावे. निवडीचा बराचसा निकाल तिथेच लागतो.

मोजकीच पत्रे येत असतील तर अल्पाइन पुरेसा आहे. वॉशिंग्टन विद्यापीठात तयार झालेल्या पाइनचा हा वारसदार पडद्याच्या तळाशी त्या त्या वेळी चालणाऱ्या कळा दाखवतो, त्यामुळे काहीही पाठ न करता काम सुरू करता येते आणि न्यूजग्रुपही (युजनेट या जुन्या चर्चाजाळ्यातील विषयवार गट) त्यातच वाचता येतात.

मेलिंग लिस्टांचा ओघ मोठा असेल तर 1995 मध्ये मायकेल एल्किन्स यांनी लिहिलेला मट घ्यावा. यादीत 'एल' दाबून एखादा शब्द दिला की प्रेषकाच्या नावात किंवा विषयात तो असलेली पत्रे तेवढी उरतात. शिफ्टसह 'टी' दाबून हव्या त्या पत्रांवर खूण केली की अर्धविरामानंतर दिलेली आज्ञा त्या सर्वांना एकदम लागू होते. मूळ मटमध्ये न्यूजग्रुपची सोय नाही. ती मटपासूनच निघालेल्या निओमटमध्ये आहे.

न्यूजग्रुपच अधिक वाचणाऱ्याने मात्र गुणांकनाची सोय पाहूनच निवड करावी, कारण गजबजलेल्या ग्रुपमध्ये तिच्यावाचून निभाव लागत नाही. एसएलआरएन या न्यूजग्रुप वाचण्याच्या प्रोग्राममध्ये लेखक, विषय इत्यादींवरून लेखाला गुण देणारे नियम एका फाइलमध्ये लिहिता येतात आणि एखाद्या लेखाचे गुण -9999 पर्यंत उतरले की तो यादीत दिसतच नाही. ईमॅक्स या मजकूर-संपादकात चालणारा ग्नस याही पुढे जातो: सोय चालू केल्यास आपण काय वाचतो आणि काय टाळतो यावरून तो स्वतःच गुण ठरवतो. तो मेललाही न्यूजग्रुपप्रमाणेच वागवतो, म्हणून वाचलेले पत्र पुढच्या वेळी यादीतून नाहीसे झालेले पाहून नवखा माणूस दचकतो. पत्र जागेवरच असते, फक्त दाखवले जात नाही. ईमॅक्सची सवय नसेल तर केवळ ग्नससाठी ते शिकण्याचा खटाटोप माझ्या मते करू नये. मट आणि एसएलआरएन ही जोडी बरी.

फेब्रुवारी 2024 मध्ये गूगल ग्रुप्सने युजनेटची साथ सोडल्यामुळे न्यूज सर्व्हरवर, म्हणजे न्यूजग्रुपचे लेख पुरवणाऱ्या संगणकावर, खाते लागेल. इटर्नल सप्टेंबरसारख्या ठिकाणी ते विनामूल्य मिळते. एचटीएमएल पत्रांसाठी मटला मेलकॅप फाइलमधून (कोणता मजकूर कोणत्या प्रोग्रामने उघडायचा हे सांगणारी फाइल) डब्ल्यू3एम हा टर्मिनलमधील ब्राउझर जोडून द्यावा लागतो. मेल सेवा साध्या पासवर्डऐवजी ओऑथ (टोकनद्वारे प्रवेश देण्याची पद्धत) मागत असेल, तर निवडलेल्या प्रोग्रामची आपल्याकडील आवृत्ती ते हाताळते का, हे सगळी मांडणी करण्यापूर्वीच तपासावे.