ग्वाल्हेरच्या धुक्यात कॅमेरा सांभाळताना

जानेवारीत शहराच्या लष्कर भागातून किल्ला दिसेनासा झाला की आमच्यासारख्यांना कॅमेरा घेऊन वर जायची सुरसुरी येते. किल्ल्यावरच्या मानमंदिर महालाच्या निळ्या टाइल्स धुक्यातून उमटताना पाहाव्यात, त्यासाठी पहाटे उठणं परवडतं. पण कॅमेऱ्याला खरा धोका असतो तो घरी परतल्यावर. पहिल्या वर्षी मी गारठलेला कॅमेरा मायेनं शेगडीजवळ ठेवला आणि पाच मिनिटांत तो घामानं निथळला. लेन्सच्या आतली वाफ जायला दोन दिवस लागले.

कारण साधं आहे. खोलीत 20 अंश तापमान आणि 60 टक्के आर्द्रता असेल, तर 12 अंशांहून थंड वस्तूवर पाणी धरतं. पहाटे बाहेर राहिलेला कॅमेरा सहज 6-7 अंशांवर असतो. त्यात स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवलेलं असेल तर विचारूच नका.

आदल्या रात्री

बॅटऱ्या पूर्ण चार्ज करा. थंडीत त्या लवकर मान टाकतात, म्हणून जादा बॅटरी स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवा. हूड (लेन्सच्या तोंडावर बसणारं कडं), दोन सुती फडकी आणि कॅमेरा लेन्ससकट मावेल अशी झिपची मोठी पिशवी बॅगेत टाका. लेन्स एकच न्या आणि ती घरीच लावा; धुक्यात लेन्स बदलणं म्हणजे ओलसर हवेला आत बोलावणं.

कॅमेरा ‘वेदर सील्ड’ (पाणी-धूळ आत जाऊ नये असा बनवलेला) आहे म्हणून निर्धास्त राहू नका. लेन्सच्या माउंटला, म्हणजे ती कॅमेऱ्याला जोडतात त्या जागी, रबरी कडं नसेल, तर पाणी तिथूनच वाट काढतं. साधा उपाय असा: पारदर्शक पिशवीच्या तळाला भोक पाडा, त्यातून हूड बाहेर काढा, रबरबँड लावा आणि खालच्या उघड्या तोंडातून हात घाला. दिसायला गबाळं, पण काम चोख.

किल्ल्यावर

चालताना हूडचं तोंड खाली असू द्या. काचेवर दव दिसलं तर फुंकर मारू नका, श्वासानं ती आणखी धुरकट होते. कोरड्या फडक्यानं हलकेच टिपा. आणि दोन फोटोंच्या मध्ये कॅमेरा जॅकेटमध्ये कोंबायचा मोह टाळा. अंगाची ऊब दमट असते.

परत येताना

सगळ्यात महत्त्वाचं काम किल्ल्यावरच उरकायचं. बाहेरचं पाणी टिपा, कार्ड काढून खिशात ठेवा (नाहीतर फोटो बघायच्या घाईत घरी पिशवी उघडलीच म्हणून समजा), कॅमेरा झिपच्या पिशवीत घालून हवा दाबून काढा आणि तोंड बंद करा. घरी पिशवी शेगडी-हीटरपासून लांब, तशीच बंद ठेवा. पाणी धरेल ते पिशवीवर बाहेरून. साधारण दोन तासांनी कॅमेरा खोलीइतका उबदार झाला की उघडा.

तरीही आत वाफ दिसली तर कॅमेरा चालू करू नका. बॅटरी काढा आणि सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात एक-दोन दिवस ठेवा. तांदळात पुरू नका. पीठ आणि कोंडा आत जातो.

ट्रायपॉडचे पाय मात्र त्याच दिवशी पूर्ण उघडून, पुसून उभे ठेवा. आत राहिलेलं पाणी उन्हाळ्यापर्यंत पकडी जाम करतं.