सूर्यावरचे डाग आणि थंडीची वही

मी वाई तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. डिसेंबर-जानेवारीत महाबळेश्वरच्या वेण्णा लेकवर दव गोठल्याची बातमी आली की वर्गात हमखास प्रश्न येतो: बाई, यंदा सूर्यावर डाग भरपूर आहेत, मग थंडी वाढली कशी? यावर माझं म्हणणं एकच, आधी मोजा. त्याला सामानही फार लागत नाही.

पण एक नियम कधीही मोडायचा नाही. दुर्बिणीतून सूर्याकडे बघायचं नाही. गॉगल, एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, यातलं काहीही चालत नाही. डोळा कायमचा जातो आणि जाताना दुखतही नाही. आपण सूर्याची प्रतिमा कागदावर पाडणार आहोत.

साधी दोन नळ्यांची दुर्बीण स्टँडला घट्ट बांधा. एका नळीचं टोपण लावलेलंच ठेवा आणि दुसरीभोवती पुठ्ठा बसवा, म्हणजे कागदावर सावली राहील. नेम धरताना नजर दुर्बिणीच्या सावलीवर ठेवा. ती सगळ्यांत लहान झाली की उजेडाची चकती कागदावर उतरते. 8 सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ आधीच काढून ठेवा, कागद मागेपुढे करून चकती त्यात बसवा आणि कड रेखीव होईपर्यंत फोकस फिरवा. भिंगं तापतात, म्हणून दोन-तीन मिनिटांनी टोपण लावा. मुलं असतील तर मोठ्या माणसाने दुर्बिणीपासून हलू नये. कृष्णाकाठचं धुकं विरल्यावर, पण जमीन तापून हवा थरथरायला लागायच्या आत, प्रतिमा सर्वांत स्वच्छ दिसते.

मोठा डाग मधे काळा आणि कडेने करडा दिसतो. शंका आली तर दुर्बीण न हलवता थोडं थांबा: सूर्य सरकतो तसा खरा डाग त्याच्याबरोबर सरकतो, भिंगावरची धूळ जागेवरच राहते. मग स्विस खगोलशास्त्रज्ञ रुडॉल्फ वुल्फची रीत वापरा. गटांची संख्या गुणिले 10, अधिक एकूण डाग. 4 गटांत मिळून 17 डाग असतील तर आकडा 57. एकच एकटा डाग असेल तर तोही एक गट, म्हणून 11. सूर्य दिसला आणि डाग नव्हता तरच शून्य लिहा; ढग असतील तर रकाना कोरा ठेवा. आमच्याकडे जून ते सप्टेंबर वही जवळजवळ कोरीच राहते, तेव्हा ब्रुसेल्सच्या वेधशाळेचे मासिक आकडे वेगळ्या शाईने भरा. तुमचे आकडे त्यांच्यापेक्षा कमी येतील, ते ठीक आहे; चढउतार जुळायला हवा.

थंडीसाठी दोन किमान तापमापक लागतात: एक सावलीत छातीच्या उंचीवर, दुसरा उघड्या गवतालगत. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन उष्णता झपाट्याने सोडते. वरचा तापमापक 4-5 अंश दाखवत असतानाही गवताजवळ पारा शून्याखाली जातो आणि स्ट्रॉबेरीच्या पानांवर दव गोठतं. हा बर्फवर्षाव नव्हे. म्हणून तापमानाशेजारी ढग आणि वारा लिहाच.

आता तुलना. डाग सुमारे 11 वर्षांच्या चक्रात वाढतात आणि कमी होतात; त्या चक्रात सूर्याची एकूण ऊर्जा जेमतेम 0.1 टक्क्याने बदलते. अतिनील किरणं मात्र त्याहून बरीच जास्त बदलतात, वातावरणाच्या वरच्या थरातला ओझोन ती शोषून तापतो आणि तिथल्या वाऱ्यांची घडी बदलते. त्याचा माग उत्तर अटलांटिकवरच्या हवेच्या दाबात सापडतो: डाग कमी असलेल्या काळात उत्तर युरोपात कडक हिवाळ्यांची शक्यता वाढते. हिमालयातला बर्फ पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारे कमी दाबाचे पट्टे, आणतात, त्यामुळे सूर्याचा परिणाम तिथे पोहोचलाच तर वाऱ्यांच्या वाटेने. महाबळेश्वरच्या एका गारठलेल्या पहाटेचं श्रेय डागांना देऊ नका.

2009-10 चा हिवाळा घ्या. सूर्य शांत होता आणि वॉशिंग्टनमध्ये विक्रमी बर्फ पडला. पण त्याच हिवाळ्यात एल निनोही होता, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापलेलं होतं, आणि त्यानेही हवामान बदलतं. 1982 चा एल चिचोन आणि 1991 चा पिनाटुबो हे ज्वालामुखीही डागांच्या उच्चांकानंतर दोन-तीन वर्षांतच फुटले, त्यामुळे त्या हिवाळ्यांत कोणाचा वाटा किती हे वेगळं काढणं अवघड जातं. म्हणून वहीत दर हिवाळ्यापुढे एल निनो, ला निना (तेच पाणी नेहमीपेक्षा गार होणं) आणि मोठा ज्वालामुखी यांचे रकाने आखा.

सूर्यडागांचं सध्याचं, म्हणजे 25 वं चक्र 2024 च्या शेवटी शिखरावर होतं. पुढचा नीचांक 2030 च्या आसपास अपेक्षित आहे, म्हणजे वही आत्ता सुरू केली तर अख्खी उतरण तुमच्या स्वतःच्या आकड्यांत मिळेल.