बावीतली गिटार: रिव्हर्ब पेडल कसं लावायचं

पहिलं रिव्हर्ब पेडल, म्हणजे गिटारच्या आवाजाला घुमार देणारी पायाखालची डबी, घेतलं त्या वर्षी मी ते एकूण एक गाण्याला लावलं. देवगडजवळच्या एका वाडीत शाळेच्या हॉलमध्ये आमचा ऑर्केस्ट्रा होता. वर पत्रे, खाली कोबा, चारी बाजूंना जांभ्याच्या भिंती. आणि माझ्या पेडलवर हॉल मोड (मोठ्या सभागृहासारखा घुमार), आणि घुमार किती मिसळायचा तो मिक्सचा नॉब घड्याळाच्या काट्यासारखा तीन वाजल्यावर. मध्यंतरात एक म्हातारे काका स्टेजजवळ आले नि म्हणाले, "काय रे, बावीत बसान वाजवतंस काय?" बाव म्हणजे आमच्याकडे विहीर. मी हसलो, पण पुढची दोन गाणी पेडल बंद ठेवून वाजवली. ढोलकीवाला म्हणाला, आज कुठे तुझे कॉर्ड ऐकू आले!

मार्च ते मे मी आंब्याच्या पेट्या भरतो. बाकीचे महिने गणपती, जत्रा, लग्नं, सत्यनारायणाच्या पूजा, जिथे बोलावतील तिथे गिटार. परवा भाच्याने पहिलं पेडल घेतलं आणि रात्री साडेदहाला फोन केला, "मामा, खयचो नॉब किती फिरवू?" फोनवर सांगून कळण्यातली गोष्ट नाही, म्हणून बसून लिहितोय.

आधी टाळी वाजवा

पेडलला हात लावण्याआधी स्टेजवर उभे राहा आणि एक कडक टाळी वाजवा. टाळीनंतर काय उरतं ते ऐका. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. समोरची भिंत १७ मीटरवर असेल तर तो जाऊन परत यायला ०.१ सेकंद लागतो, आणि तेवढ्यात कान दोन आवाज वेगळे ओळखतात. तो झाला प्रतिध्वनी. त्याचं पेडल वेगळं, त्याला डिले म्हणतात. भिंती, छप्पर, फरशी जवळ असतील तर शेकडो परतीचे आवाज एकमेकांत मिसळून नुसती एक शेपटी मागे राहते. ती शेपटी म्हणजे रिव्हर्ब.

मळ्यात किंवा किनाऱ्यावर बांधलेल्या उघड्या स्टेजवर टाळी मारलीत तर काहीच परत येत नाही. गिटार तिथे कोरडी, उघडी पडल्यासारखी वाजते. अशा जागी पेडल मोकळेपणी वापरा. कापडी मांडवाचंही तेच. कापड आवाज पिऊन टाकतं. उलट पत्र्याचा हॉल, फरशी घातलेला देवळाचा सभामंडप, मंगल कार्यालय, या जागांकडे स्वतःचंच रिव्हर्ब भरपूर असतं, तेही फुकटचं. तिथे पेडल बंद ठेवायचं किंवा अगदी नावाला. माझी चूक हीच होती. विहिरीत बसून मी आणखी एक विहीर खणत होतो.

यात एक गोम आहे. संध्याकाळी पाचला साउंड चेक करता तेव्हा हॉल रिकामा असतो, रात्री दहाला माणसांनी भरतो, आणि माणसं आवाज शोषतात. हे पहिल्यांदा नीट मोजलं ते वॉलेस सॅबाइन या अमेरिकन प्राध्यापकाने. हार्वर्डमधल्या एका व्याख्यानगृहात बोललेलं कळेनासं व्हायचं. १८९५ च्या सुमारास त्याच्याकडे ते काम आलं. शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून तो रात्री-रात्री मांडायचा, ऑर्गनची एक नळी वाजवून थांबवायचा आणि स्टॉपवॉचने शेपटी मोजायचा. रिकाम्या खोलीत ती साडेपाच सेकंदांच्या आसपास होती. गाद्या वाढल्या तशी ती आखडत गेली. आज पेडलवर डिके २ सेकंद म्हणतात तेव्हा आवाज ६० डेसिबलने उतरायला २ सेकंद लागतील, एवढाच अर्थ असतो, आणि तो हिशेब त्याच्याच कामातून आलेला आहे. आपल्यासाठी मतलब असा की रिकाम्या हॉलमध्ये थोडं कमी वाटेल असं लावलेलंही रात्री तपासा. गर्दी झाल्यावर मिक्स किंचित वाढवावा लागतो. मी पहिलं गाणं संपल्यावर एकदा हात लावतो, नंतर नाही.

नॉब

स्वस्तातल्या पेडललाही बहुधा तीन नॉब असतात: मिक्स (कुठे लेव्हल किंवा ब्लेंड लिहिलेलं असतं), डिके (किंवा टाइम) आणि टोन. महागड्या पेडलवर प्री-डिले आणि आणखी चार गोष्टी.

मिक्स शून्यावर आणा. डिके आणि टोन बारा वाजता. आता गाण्यातला खरा तुकडा वाजवा, घरी बसून वाजवतो तो छानछान आलाप नको. मिक्स हळूहळू वाढवत न्या. "हां, आलं रिव्हर्ब" असं ज्या क्षणी वाटेल तिथे थांबा आणि केसभर मागे या. ऑर्केस्ट्रात माझा मिक्स बहुतेक वेळा नऊ ते दहाच्या मध्ये असतो. लागलंय की नाही हे पेडल बंद केल्यावरच कळावं, एवढंच. घरी एकट्याने वाजवताना हे कमी वाटेल. मग एकट्याने वाजवाल तेव्हा वाढवा, कोण अडवतंय! ढोलकी, ऑक्टोपॅड आणि दोन किबोर्ड असले की सगळ्यांच्या शेपट्या एकमेकांत अडकतात, हे मात्र ध्यानात असू दे.

डिके गाण्याच्या लयीवर बसवायचा. मिनिटाला १२० ठोक्यांचं गाणं असेल तर एक ठोका अर्ध्या सेकंदाचा, चार ठोक्यांचा बार २ सेकंदांचा. कॉर्ड दर बारला बदलत असेल आणि शेपटी ४ सेकंद चालत असेल, तर आधीचा कॉर्ड पुढच्यावर सांडणार. जी मेजरवर सी मेजर सांडला तर चालून जातं, पण मायनर-मेजरची अदलाबदल असली की गढूळ होतं. पेडलवर आकडे नसले तरी बिघडत नाही. पायाने ठेका धरा, एक कॉर्ड मारून तळहाताने तारा लगेच दाबा, आणि शेपटी किती ठोके ऐकू येते ते मोजा. कोळीगीताच्या चालीला दोन ठोक्यांत ती मेली पाहिजे. संथ गाण्यात चार चालतील, नुसत्या सुरुवातीच्या आलापाला आठसुद्धा.

टोन म्हणजे शेपटीचा उजेड. पत्र्याखाली तो कमी करा, नऊच्या आसपास. पत्रा वरचे स्वर आधीच टोचून परत पाठवतो. उघड्यावर एक-दोन वाजेपर्यंत नेला तरी हरकत नाही.

प्री-डिले असेल तर २० ते ४० मिलिसेकंद ठेवा. तार छेडल्यावर तेवढा क्षण कोरडा जातो आणि मग शेपटी सुरू होते, त्यामुळे प्लेक्ट्रमचा (तार छेडायच्या चकतीचा) ठोका स्वच्छ राहतो. माझ्या मते हा नॉब सगळ्यात दुर्लक्षित आहे. मिक्स कमी न करता गढूळपणा घालवायचा असेल तर आधी याला हात लावा.

मोड कुठला?

स्प्रिंग म्हणजे खरोखरीच स्प्रिंग. हॅमंड ऑर्गनवाल्यांनी १९३० च्या दशकात घरातल्या ऑर्गनला देवळासारखा घुमार यावा म्हणून स्प्रिंगांतून आवाज फिरवला. गिटार आणि तिचा आवाज मोठा करणारे अ‍ॅम्प बनवणाऱ्या फेंडर कंपनीने १९६१ साली त्याचा वेगळा डबा काढला आणि १९६३ मध्ये व्हायब्रोव्हर्ब अ‍ॅम्पच्या पोटातच तो बसवला. असा जुना अ‍ॅम्प चालू असताना धक्का लागला तर आत स्प्रिंगा आपटून वीज कोसळल्यासारखा आवाज होतो. पेडलमधला स्प्रिंग मोड बहुधा डिजिटल नक्कल असते, त्यामुळे टेम्पोत कितीही आदळला तरी गप्प. तारा दाबून टकटक वाजवल्या की यात पाणी ठिबकल्यासारखा आवाज येतो. जुन्या हिंदी गाण्यांच्या गिटारला मी हाच लावतो.

प्लेट म्हणजे पोलादाचा पत्रा. जर्मनीच्या ईएमटी कंपनीचा १४० नंबरचा प्लेट १९५७ सालचा. साधारण दोन मीटर लांब, एक मीटर उंच पत्रा फ्रेममध्ये टांगलेला, सगळं मिळून अडीचशे किलोच्या वर वजन. तोच आवाज आज पायाखालच्या डबीत येतो, म्हणून मी त्या पत्र्याला मनातल्या मनात नमस्कार करतो. प्लेट भरीव, गुळगुळीत आणि लगेच सुरू होतो, सोलोला उत्तम.

रूम छोट्या खोलीचा. कोरडी गिटार नुसती सावरायची असेल तर हा पुरतो, आणि कॉर्ड वाजवणाऱ्याने सुरुवात इथूनच करावी. हॉल मोठा आणि सावकाश, तो मोकळ्या मैदानासाठी राखून ठेवा. शिमर शेपटीत वरच्या सप्तकाचा स्वर मिसळतो. दुकानात ऐकून सगळे याच्यावर भाळतात आणि वर्षातून दोनदा वापरतात. मीही त्यातलाच.

पहिलं पेडल घेताना दहा मोडच्या मागे लागू नका. इलेक्ट्रो-हार्मोनिक्स कंपनीच्या होली ग्रेल या रिव्हर्ब पेडलला मूळ रूपात एकच नॉब आणि तीन जागांचा स्विच होता, तरी लोकांनी त्यावर आयुष्य काढलं. जुनं घेत असाल तर प्रत्येक नॉब वाजता वाजता फिरवून करकर ऐका, जॅक हलवून बघा, आणि मागचे स्क्रू पाहा. पेडल किनाऱ्यावर राहिलेलं असेल तर स्क्रूच सांगतील.

साखळीत कुठे?

शेवटी. गिटार, ट्यूनर, डिस्टॉर्शन (आवाज फाडणारं पेडल), कोरस (आवाज दाट करणारं), डिले आणि मग रिव्हर्ब. डिस्टॉर्शनच्या आधी लावलंत तर शेपटीचाही चुरा होतो आणि नुसता भुसा ऐकू येतो. अ‍ॅम्पचं स्वतःचं डिस्टॉर्शन वापरत असाल तर अ‍ॅम्पच्या मागे सेंड-रिटर्न (मध्ये पेडल जोडायची दोन भोकं) आहे का बघा. सेंडमधून पेडलच्या इनपुटला, पेडलच्या आउटपुटमधून रिटर्नला.

आमच्याकडे अ‍ॅम्प कसला, गिटार बहुतेक वेळा सरळ मिक्सरमध्ये जाते. मग दोन गोष्टी सांभाळा. पेडलला दोन आउटपुट असतील तर ज्यावर मोनो लिहिलंय त्यातूनच वायर काढा. आणि साउंडवाल्या दादाला आधी गोडीने विचारा, "दादा, गिटारच्या चॅनलचा इफेक्ट बंद ठेवाल ना?" गायिकेसाठी त्याने मिक्सरवर एको सोडलेला असतो आणि सवयीने तो सगळ्याच चॅनलना थोडा थोडा दिलेला असतो. तुमचं रिव्हर्ब, त्याचा एको आणि हॉलचा घुमार एकत्र आले की परत बाव. त्याला चहा आणून दिलात तर काम लवकर होतं.

करंट

बहुतेक पेडल ९ व्होल्ट डीसीवर चालतात, पिनच्या मधोमध निगेटिव्ह. अ‍ॅडाप्टरवरचं गोल चिन्ह वाचल्याशिवाय पिन घालायची नाही. एका जत्रेत घाईत मी किबोर्डचा १२ व्होल्टचा, मधोमध पॉझिटिव्ह असलेला अ‍ॅडाप्टर खुपसला. आधी वास आला, मग कळलं. डिजिटल रिव्हर्बला करंटही जास्त लागतो, कित्येकांना १०० मिलिअँपिअर किंवा त्याहून अधिक. पेडलवर लिहिलेल्या आकड्यापेक्षा अ‍ॅडाप्टरचा आकडा मोठा असलेला चालतो, लहान नाही. एकाच अ‍ॅडाप्टरवर चार पेडल टांगल्यावर गुणगुण येऊ लागली तर रिव्हर्ब वेगळ्या अ‍ॅडाप्टरवर टाकून बघा. बऱ्याचदा तिथेच निकाल लागतो.

माझा पेडलबोर्ड म्हणजे हापूसची लाकडी पेटी. झाकणाच्या फळ्या जवळजवळ ठोकल्या, वर वेल्क्रो चिकटवलं, खाली अ‍ॅडाप्टर. वाहतुकीत पेडलभोवती पेंढा भरतो, आंब्यासारखाच. नॉबच्या ठरलेल्या जागांवर बायकोच्या नेलपॉलिशचे ठिपके आहेत: लाल ठिपका हॉलसाठी, गुलाबी मैदानासाठी. अंधाऱ्या स्टेजवर मोबाइलच्या उजेडात तेवढे दिसतात. गुलाबीबद्दल मित्र चिडवतात, चिडवू देत.

पावसाळ्यात आमच्या हवेला मीठही असतं आणि पाणीही, त्यामुळे जॅक आतून हिरवे पडतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात पेडल पुसून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा आणि सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाका. बॅटरीचं पेडल असेल तर बॅटरी काढून ठेवा, ती आत फुटली तर सगळं खाते. नागपंचमीला डबा उघडून जॅकमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, प्लग दहा-बारा वेळा आत-बाहेर करा आणि अर्धा तास वाजवा. चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी पहिल्यांदा डबा उघडून मी एकदा पाहिलंय. स्विच बसला होता, कणकवलीचं दुकान बंद होतं, आणि अकरा दिवस मी कोरडा वाजवला.