कोल्हापूरला जेवायला येताय? या चुका टाळा

कोल्हापुरात पहिल्यांदा जेवायला येणारे बरेच पाहुणे जिभेची परीक्षा द्यायला आल्यासारखे येतात. 'सगळ्यात झणझणीत कुठं मिळतं?' हा त्यांचा पहिला प्रश्न. देशभरातल्या मेनूकार्डांवर 'व्हेज कोल्हापुरी' या नावाखाली जे लालभडक, जळजळीत मिळतं, त्यानं हा समज पक्का केलाय. इथल्या माणसाला विचारा, तो आधी मटण कोवळं होतं का ते सांगेल, मग रश्श्याची चव. तिखटाचा विषय शेवटी निघतो. आमचं ताट एकमेकांना सांभाळून घेणाऱ्या पदार्थांचं आहे. ते तसं खाल्लं नाही, तर जीभ, पोट आणि सहल तिन्ही बिघडतात, आणि चांगलं जेवण चुकल्याची हळहळ आम्हालाही वाटते.

नुसता तांबडा ओरपणं

सर्वांत जास्त होणारी चूक हीच. ताट आलं की तांबड्या रश्श्याच्या वाट्या एकामागून एक रिचवायच्या, पांढरा तसाच ठेवायचा आणि दहाव्या मिनिटाला घाम पुसत पाण्याचा जग मागवायचा.

तांबडा आणि पांढरा दोन्ही एकाच पातेल्यातून निघतात. मटण शिजताना जो सार उतरतो त्याला अळणी म्हणतात. त्यात कांदा-लसूण चटणी आणि वाटण पडलं की तांबडा होतो. नारळाचं दूध, तीळ, खसखस, काजूचं वाटण आणि लवंग, दालचिनी, मिरी असे खडे मसाले पडले की पांढरा. म्हणून दोन्ही आळीपाळीनं घ्यायचे. दोन घास तांबड्याबरोबर, मग पांढऱ्याचा घोट, मग सुक्क्या मटणाचा तुकडा आणि भाकरी. भाकरी ज्वारीची मागा. ती रस्सा शोषून घेते आणि तिखटाची धार बोथट करते.

रंग बघून घाबरूही नका. लाल रंग मुख्यतः ब्याडगी मिरचीचा असतो आणि ती फारशी तिखट नसते. झणका येतो संकेश्वरी किंवा लवंगी मिरचीतून. त्यामुळं लालबुंद रस्सा सौम्य निघू शकतो आणि साधा दिसणारा हिरव्या मिरचीचा खर्डा डोळ्यांतून पाणी काढू शकतो. खर्डा आधी सुपारीएवढाच घ्या.

तोंड पोळलंच, तर पाणी पिऊ नका. मिरचीतला दाहक घटक पाण्यात विरघळत नाही. पाण्यानं तो तोंडभर पसरतो, थंडगार सोड्यानंही तेच होतं. तो स्निग्ध पदार्थात विरघळतो, शिवाय दुधातली प्रथिनं त्याला जिभेवरून ओढून नेतात. दही, ताक, दूध किंवा पांढऱ्या रश्श्याचे दोन घोट घ्या, वर कोरड्या भाकरीचा तुकडा चावा. थोड्या वेळात आग शमते.

गाडीतून उतरलं की थेट कटावर

मुंबईहून महालक्ष्मी एक्सप्रेसनं येणारे सकाळी उतरतात आणि रात्रभराच्या प्रवासानंतर रिकाम्या पोटी मिसळीवर बसतात. वेळ अगदी बरोबर आहे, कारण मिसळ हा इथं सकाळचाच कारभार. उद्यमनगरात फडतरे असो की कसबा बावड्यातली बावडा मिसळ, दुपारी उशिरा पोचलात तर रिकाम्या हातानं परतायची शक्यता जास्त. पण पहिल्या दिवशी 'कट कमी', म्हणजे मिसळीवरचा तिखट रस्सा कमी, असं स्पष्ट सांगा, किंवा दही मिसळ घ्या. असं सांगण्यात कमीपणा नाही. इथली कितीतरी माणसं रोज तसंच सांगतात.

आणखी एक. सोबत पाव येईल अशी अपेक्षा ठेवू नका, बहुतेक ठिकाणी ब्रेडच्या स्लाइस येतात. फरसाण मऊ व्हायच्या आत खायला सुरुवात करा, लिंबू पिळा, आणि जास्तीचा कट वेगळ्या वाटीत घ्या म्हणजे हात राखता येतो.

सकाळी मिसळ, दुपारी मटण, संध्याकाळी कटवडा असा एका दिवसाचा बेत करणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी औषधाचं दुकान शोधावं लागतं. मिसळीच्या दिवशी दुपारी साधं जेवा. अक्खा मसूर, भाकरी, दही पुरे. संध्याकाळी खासबाग मैदानाजवळ भेळ खा. शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं कुस्तीचं मैदान ते, जमलं तर आत डोकावून या. मटणाचं ताट दुसऱ्या दिवशी दुपारी, चांगली भूक लागल्यावर.

वार न बघता येणं

रविवार, बुधवार, शुक्रवार हे मटणाचे वार. रविवारी दुपारी नावाजलेल्या खानावळीसमोर रांग असते, तेव्हा बारापर्यंत पोचा. साडेतीननंतर अनेक खानावळी संध्याकाळपर्यंत बंद असतात. सोमवारी, गुरुवारी, शनिवारी बऱ्याच घरांत मांसाहार होत नाही, श्रावणात आणि नवरात्रात तर नाहीच. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्यांनी शहर भरून जातं. केवळ जेवणासाठी येणार असाल तर ते दिवस टाळा, किंवा निघण्याआधी खानावळीत फोन करा.

खोलीवर पार्सल मागवणं

हे मला मनापासून खटकतं. लॉजवर बसून ॲपवरून मटण थाळी मागवली की गार झालेला रस्सा, वातड झालेली भाकरी आणि प्लास्टिकच्या डब्या समोर येतात. खानावळीत रस्सा गरम वाढला जातो, आणि बहुतेक ठिकाणी पुन्हा पुन्हा. वाढणाऱ्या मावशी किंवा दादा ताटाकडे बघून ओळखतात की पाहुणा नवा आहे. 'मावशी, जरा बेतानं तिखट द्या, पहिल्यांदाच आलोय' एवढं म्हणा. पांढऱ्याची वाटी आपोआप आधी येईल.

अनोळखी माणसांच्या पंगतीत बसून खाण्याची या गावाची एक मोठी आठवण आहे. शिवाशिव कडक पाळली जात होती त्या काळात दलित समाजातल्या गंगाराम कांबळे यांनी शाहू महाराजांच्या पाठबळावर 'सत्यसुधारक' नावाचं चहाचं हॉटेल काढलं, आणि महाराज स्वतः तिथं थांबून चहा घेत. खानावळीच्या बाकावर कुणी शेजारी सरकून जागा दिली की मला ते आठवतं. खोलीत एकट्यानं डबा उघडून यातलं काहीच मिळत नाही.

शाकाहारी सोबत्याला उपाशी ठेवणं

त्याच्यासाठी पनीर मागवू नका. पन्हाळ्याला जा, शहरापासून साधारण 20 किलोमीटर. गडावर बायका झुणका, भाकरी, खर्डा, कांदा आणि दही देतात. पावसाळी हवेत या ताटापुढं मटणही मागं पडतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

धारोष्ण दुधाची घाई

संध्याकाळी गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशीची धार समोर काढून पेला हातात देतात. बघावी अशीच गोष्ट आहे. पण हे दूध न तापवलेलं असतं आणि कच्च्या दुधातून आजार पसरू शकतात. गरोदर बायका, लहान मुलं, आजारी आणि वयस्क माणसं यांनी ते पिऊ नये. पोट नाजूक असेल तर तापवलेलंच दूध घ्या.

नेताना होणारे घोटाळे

गूळ घेताना केवळ पिवळा धमक रंग बघू नका. फिकटपणा आणण्यासाठी रसायनं वापरली जातात. जुन्या पद्धतीत रसातली मळी काढायला रानभेंडीचा चिकट रस वापरतात. चव घेऊन बघा, खारट लागला तर सोडा. कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. हिवाळ्यात आलात तर गुऱ्हाळावरच जा. चुलवाणावरच्या काहिलीतून काढलेली काकवी आणि कोमट गूळ तिथंच खायचा. घरी आणलेला गूळ घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, दमट हवेत तो पाझरतो.

पांढरा रस्सा घरी नेलाच, तर मंद आचेवर सतत ढवळत गरम करा. खळाखळा उकळला की नारळाचं दूध फुटतं आणि रश्श्यात चोथा तरंगतो.

कांदा-लसूण चटणीत सुकं खोबरं आणि तीळ असल्यामुळं ती उघडी राहिली तर खवट होते. बरणीत दाबून भरा, चमचा कोरडा हवा, आणि जास्त असेल तर फ्रिजमध्ये ठेवा. वापरताना तेल फार तापवू नका, चटणी करपली की कडवट लागते. गॅस बारीक करा, चटणी टाका, लगेच थोडं गरम पाणी घाला. वरून गरम मसाला घालायची गरज नाही, मसाले चटणीत आधीच आहेत.