जंगलात जुना गडगा दिसला तर तो वाचायचा कसा

जंगलातून चालताना मधेच दगडांची एक लांबलचक ओळ झाडीत शिरलेली दिसते आणि आपण ती ओलांडून सरळ पुढे निघतो. तसं करू नका, दहा मिनिटं थांबा. चुना-माती न लावता नुसता दगडावर दगड रचलेला गडगा दिसला तर बहुतेक वेळा तिथे कधीकाळी शेत किंवा कुरण असतं, जंगल नंतर वाढलेलं असतं. अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडमध्ये आज दाट झाडी असलेल्या भागात असे गडगे जिकडेतिकडे आहेत, १८७१ च्या कुंपणांच्या सरकारी पाहणीवरून तिथला आणि आसपासचा आकडा सुमारे २,४०,००० मैल धरला जातो!

जायचं पानगळ झाल्यावर, सकाळी किंवा उन्हं कलताना, कारण तिरप्या उन्हात जमिनीचे उंचवटे लगेच कळतात. फुल पँट, बूट हवेतच. जागा खाजगी असेल तर आधी विचारा. आणि दगडांच्या फटीत हात अजिबात घालायचा नाही, सापांची ती आवडती जागा.

आधी लांबून बघा. ओळ कुठे वळते, कुठे काटकोन करते, मधे गाडी जाईल एवढी मोकळी जागा आहे का, तिच्या दोन्ही बाजूंना उभे दगड असतील तर ते फाटक असणार.

मग जवळ जाऊन दगडांचा आकार बघा, मला सगळ्यात जास्त मजा इथेच येते. नुसते मोठे धोंडे असतील तर बहुधा गुरांचं कुरण, पण मोठ्या दगडांच्या मधे मुठीएवढे बारके दगड ओतल्यासारखे भरलेले असतील तर शेजारी नांगरट व्हायची, कारण थंड प्रदेशात गोठण-वितळण होऊन दर हिवाळ्यानंतर जमिनीतून नवे दगड वर येतात आणि ते वेचून इथेच टाकले जायचे. उतारावर वरच्या बाजूची माती गडग्याला टेकून उंच झालेली असेल तरी तेच, नांगरलेली माती घसरत येऊन अडलेली. एखाद्या दगडाच्या कडेला बोट बसेल अशी अर्धगोल खाच दिसली तर तो छिद्रं पाडून फोडलेला दगड, शेतात सापडला तसाच रचलेला नाही. दगडफूल खरवडू नका, काही जातींची वाढ वर्षाला एक मिलिमीटरपेक्षाही कमी असते.

दगडांच्या राशींचं जरा अवघड आहे. बऱ्याचशा शेत साफ करताना झालेल्या असतात, पण काही ठिकाणी स्थानिक आदिवासींच्या पवित्र जागा किंवा दफनंही असतात आणि नुसतं बघून फरक कळत नाही. म्हणून एकही दगड उचलायचा नाही, त्यावर चढायचं नाही, स्वतःची नवी रासही रचायची नाही, मागून येणारा ती वाटेची खूण समजून भरकटतो.

फोटो काढताना मापासाठी शेजारी पेन ठेवा, लोकेशन मोबाईलमध्ये सेव्ह करा पण सगळीकडे शेअर करू नका, आणि बारके दगड गडग्याच्या कुठल्या बाजूला जास्त आहेत ते तिथेच लिहून ठेवा, घरी आल्यावर फोटोत ते कळत नाही.