इलस्ट्रेटरमध्ये पॅटर्न ब्रशने हुबेहूब पाइप कसा काढावा

दोन समांतर रेषांमध्ये करडा रंग भरला, तर पट्टी तयार होते, पाइप नव्हे. गोलाई दिसते ती उजेडामुळे. म्हणून अडोबी इलस्ट्रेटर या चित्रे काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये पाइपचा पॅटर्न ब्रश (काढलेल्या रेषेवर, म्हणजे मार्गावर, चित्राचा तुकडा पुन्हा पुन्हा मांडणारे साधन) करताना बराचसा वेळ छटा ठरवण्यात घालवावा.

प्रथम १०० पिक्सेल लांब आणि २ पिक्सेल जाड अशा पाच बिनकिनारीच्या पट्ट्या ६० पिक्सेलच्या उंचीत मांडाव्यात: वरच्या कडेला गडद करडी, एक तृतीयांशावर जवळजवळ पांढरी, त्याखाली मध्यम करडी, मग सर्वांत गडद आणि तळाशी पुन्हा किंचित उजळ. ही शेवटची पट्टी, म्हणजे आसपासच्या वस्तूंवरून परतलेला उजेड, बहुतेक जण विसरतात आणि पाइप चपटा का दिसतो, याचे कोडे त्यांना पडते. आता ब्लेंडच्या पर्यायांत १२ पायऱ्या ठरवून पट्ट्या एकमेकींत मिसळाव्यात आणि लगेच ‘एक्स्पांड’ करावे, म्हणजे मिश्रणाचे सुटे आकार करावेत, कारण ब्लेंड किंवा ग्रेडियंट (एका रंगातून दुसऱ्यात सलग जाणारी छटा) तसेच ठेवले तर ब्रश तयार होत नाही. बारीक फटी दिसू नयेत म्हणून पट्ट्यांखाली एक सलग करडा आयत ठेवावा.

टोकांना फ्लँज (पाइपच्या टोकाची रुंद कडी) हवे असतील, तर ते याच पद्धतीने, पण ८० पिक्सेल उंचीचे काढावेत. सर्व तुकड्यांची उंची सारखी राहावी, यासाठी पाइपच्या तुकड्यामागे ८० पिक्सेल उंच, रंग आणि किनार नसलेला आयत ठेवावा. मग पाइपचा तुकडा ब्रशेस पॅनलवर ओढून ‘पॅटर्न ब्रश’ निवडावा; आर्ट ब्रश संपूर्ण चित्र मार्गाच्या लांबीभर ताणतो, त्यामुळे फ्लँजही ताणला जातो. फ्लँज ऑल्ट दाबून पॅनलमधील ब्रशच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या घरात सोडावेत. रंगाच्या पर्यायात ‘टिंट्स अँड शेड्स’ ठेवल्यास स्ट्रोकचा, म्हणजे रेषेचा, रंग बदलून त्याच ब्रशने तांब्याचा किंवा हिरवा पाइप काढता येतो.

कोपऱ्यांसाठी वेगळे तुकडे करण्यापेक्षा मार्गाचे कोपरेच गोल करावेत, मात्र त्यांची त्रिज्या पाइपच्या निम्म्या जाडीहून मोठी असावी. या ब्रशसाठी ४५ पिक्सेल पुरेत. निम्म्या जाडीहून लहान त्रिज्येच्या वळणावर आतली कड स्वतःवरच दुमडते.

सर्वांत फसवी गोष्ट मार्गाच्या दिशेची आहे. ब्रशची वरची बाजू नेहमी प्रवासाच्या डाव्या हाताला राहते. म्हणून उजेड वरून डावीकडून येत असेल, तर आडवे पाइप डावीकडून उजवीकडे आणि उभे पाइप खालून वर काढावेत. उलट काढलेला मार्ग ‘रिव्हर्स पाथ डिरेक्शन’ने फिरवता येतो. उजवीकडे जाऊन खाली वळणाऱ्या पाइपला हा नियम पाळता येत नाही, तेव्हा तो वळणापाशी तोडून दोन मार्ग करावेत आणि सांध्यावर एक कपलिंग (दोन पाइप जोडणारा तुकडा) बसवावे.

एखादाच साधा पाइप हवा असेल, तर एवढा खटाटोप करू नये. २०१२ साली आलेल्या सीएस६ या इलस्ट्रेटरच्या आवृत्तीपासून स्ट्रोकच्या जाडीवर आडवा ग्रेडियंट देता येतो, आणि तेवढ्याने काम भागते.